दिवस भरण्याआधी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त येळ्ळूर येथे झालेल्या कुटुंबमेळाव्यात एका शिक्षिकेने केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावर शिक्षिकेला उभे केले म्हणजे ती शिक्षणाचे महत्त्व सांगणार, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. कार्यवाहांनीही मला तोच विषय सुचविला होता. मी तो बदलून मागून घेतला. मला आज बोलावयाचे आहे ते दिवस भरण्याआधी होणाऱ्या बाळंतपणाविषयी, आणि त्यातही अंगाने स्थूल असलेल्या स्त्रीच्या अशा बाळंतपणाची चाहूल आधी लागू शकते काय, याविषयी. विषय उच्चारताच मागच्या रांगेतील काही पुरुषमंडळी चहाच्या मंडपाकडे वळली, हे मी पाहिले. त्यांनी कृपा करून परत यावे. मला जे मागावयाचे आहे ते मुख्यतः त्यांच्याकडेच मागावयाचे आहे.

मी डॉक्टर नव्हे. शाळेत विज्ञान आणि गणित शिकविते. तेव्हा औषध कोणते घ्यावे हे मी सांगणार नाही. ते सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा. पण आकडा कसा मांडावा, तो कशाच्या शेजारी ठेवून वाचावा, हे शिकविण्यात माझी वीसएक वर्षे गेली आहेत, आणि या विषयाचे मर्म बरेचसे त्यातच आहे.

प्रथम घरातली गोष्ट सांगते. माझी धाकटी बहीण निपाणीला दिली. २०१७ च्या पावसाळ्यात तिचे पहिले बाळंतपण होते. लहानपणापासून ती अंगाने भरलेली. शेजारच्या बायका म्हणत, "अंगापिंडानं चांगली हाय, हिची काळजी कशाला?" सडपातळ सुनेची सर्वांना काळजी वाटते, तिला दूध-तूप मिळते, तिच्या हातून घागर काढून घेतात. गुबगुबीत सून मात्र निरोगीच असली पाहिजे, असे आपण धरून चालतो. सातव्या महिन्यात ती माहेरी आली. तीस आठवडे नुकतेच पुरे झाले होते. एका रात्री अचानक पाणी गेले. दुखणे म्हणावे असे फारसे काही नव्हते. शहरातील एका रुग्णालयात नेईपर्यंत उजाडले. मुलगा झाला, एक किलो तीनशे ग्रॅमचा. चौथ्या दिवशी तो गेला. त्याचे नावही ठेवले नव्हते.

घरी भेटायला आलेल्या एका वृद्ध आजींनी मायेने सांगितले, "सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, त्याला आठवा लागला होता." हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ते केवळ आपल्याकडचे नव्हे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक देशात हिपोक्रेटिसच्या नावावर जे वैद्यकीय ग्रंथ लिहिले गेले, त्यांत आठव्या महिन्याच्या मुलावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातही हीच समजूत मांडलेली आहे. एवढी जुनी, एवढी दूरवर पसरलेली समजूत असूनही ती साफ चूक आहे. मूल पोटात जितके आठवडे अधिक राहील तितकी त्याची फुप्फुसे पक्की होतात आणि जगण्याचा संभव वाढतो. आठव्या महिन्याचे मूल सातव्यापेक्षा नेहमीच बरे. या समजुतीने अपाय होतो तो असा, की आठव्यात गेलेल्या मुलाबद्दल घरचे लोक कपाळाला हात लावून गप्प बसतात. काय राहून गेले, ते कोणी विचारीत नाही.

मी विचारले, तेही चाळिसाव्यानंतर, कपाट आवरताना तिचे तायी कार्ड हाती आले तेव्हा. पहिली नोंद पाचव्या महिन्यातली. वजन चौऱ्याहत्तर किलो. उंचीचा रकाना कोरा. मी तिला शाळेच्या दाराच्या चौकटीशी उभी करून उंची मोजली. बरोबर दीडशे सेंटिमीटर भरली.

आता फळ्यावरचे गणित करू. वजन किलोमध्ये घ्यावे, उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करावा, आणि वजनाला त्या वर्गाने भागावे. दीड गुणिले दीड, सव्वादोन. चौऱ्याहत्तर भागिले सव्वादोन, सुमारे तेहतीस. भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये एकमताने असे ठरविले, की आपल्या लोकांत हा आकडा तेवीसच्या वर गेला की वजन जास्त, आणि पंचविसापासून पुढे स्थूलता मानावी. युरोप-अमेरिकेत ही रेषा तिसाला आहे. आपली अंगयष्टी वेगळी, म्हणून आपली रेषा अलीकडे ओढली आहे. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीला ही रेषा सव्वाछप्पन्न किलोला लागते. या सभागृहातील कितीजणींना हे ठाऊक आहे? मला स्वतःला ठाऊक नव्हते, आणि मी विज्ञान शिकविते.

आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या दर चार स्त्रियांपैकी जवळजवळ एक जादा वजनाची आढळली. तेव्हा ही श्रीमंतांच्या घरची व्यथा राहिलेली नाही. दुसरीकडे, २०२० या एका वर्षात जगात सुमारे एक कोटी चौतीस लाख मुले सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मली. त्यांतील सुमारे तीस लाख एकट्या भारतातली होती. कोणत्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे.

या दोहोंचा संबंध काय? स्वीडन देशात प्रत्येक बाळंतपणाची नोंद ठेवतात. तेथील पंधरा लाखांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अठ्ठावीस आठवड्यांच्याही आत, म्हणजे अगदीच कच्चे मूल होण्याचे प्रमाण, सर्वसाधारण वजनाच्या स्त्रियांत हजारी दोनाहून कमी होते. तो आकडा चाळीस किंवा अधिक असलेल्या स्त्रियांत ते हजारी पाचांवर गेले. मधल्या पायऱ्यांवर ते पायरीपायरीने चढत गेलेले दिसते. हजारी पाच म्हणजे बहुतेक स्थूल स्त्रियांचे बाळंतपण वेळेवरच होते, हेही लक्षात ठेवावे. मला कोणाही भगिनीला घाबरवावयाचे नाही.

अशा अकाली बाळंतपणाच्या दोन वाटा आहेत. एकीत कळा किंवा पाणी आपोआप येते, माझ्या बहिणीचे झाले तसे. दुसरीत आईचा रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिन जाऊ लागते, किंवा मधुमेहाने गुंतागुंत होते, आणि आईला व मुलाला वाचविण्यासाठी डॉक्टरांनाच वेळेआधी बाळंतपण उरकावे लागते. स्थूल स्त्रीच्या बाबतीत ही दुसरी वाट फार वाहती आहे. म्हणून एकच खूण शोधून भागत नाही.

तरीही शास्त्रज्ञ खुणा शोधीत आहेत. वारेपासून निघून आईच्या रक्तात उतरणारे एक प्रथिन आहे. प्रयोगशाळेत त्याला पॅप-ए म्हणतात. अकरा ते तेरा आठवड्यांच्या सुमारास ते मोजतात. ते फार कमी असले तर वार नीट रुजली नसावी, असा संशय घेतात. आता येथे गणिताची गोष्ट येते. एका तांब्यात चमचाभर साखर टाकली आणि तेवढीच साखर घागरीत टाकली, तर घागरीतले पाणी कमी गोड लागते. स्थूल स्त्रीच्या अंगात रक्ताचे मान अधिक असते. त्यामुळे हे प्रथिन तिच्या रक्तात पातळ होऊन आकडा कमी दिसतो. म्हणून प्रयोगशाळा तिचे वजन विचारते आणि आकडा त्याप्रमाणे दुरुस्त करते. वजन चुकीचे लिहिले, की दुरुस्तीही चुकली.

दुसरा प्रकार याच्या उलट. अंगात कोठे दाह होत असला की रक्तात सीआरपी नावाचे द्रव्य वाढते. जंतूंचा संसर्ग आणि दाह हे अकाली कळा येण्याचे एक कारण असल्याने या द्रव्याकडे संशोधकांचे लक्ष गेले. परंतु चरबी ही मुकाट्याने पडून राहणारी वस्तू नाही. ती स्वतः दाह वाढविणारी द्रव्ये तयार करते, आणि तिच्यातून लेप्टिन नावाचा स्राव निघतो. त्यामुळे स्थूल स्त्रीच्या रक्तात सीआरपी मुळातच चढलेले असते. ज्या घरात चुलीचा धूर बारमाही कोंडलेला असतो, त्या घराला आग लागली तरी शेजाऱ्यांना धुरावरून कळत नाही. येथेही नेमके तसेच होते.

अमेरिकेत २०१६ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध झाली. पाचव्या महिन्याच्या सुमारास रक्तातील दोन प्रथिनांचे परस्परांशी प्रमाण पाहून आपोआप होणाऱ्या अकाली बाळंतपणाचा अंदाज बांधणारी ती होती. तिचा अंदाज अधिक चांगला उतरला तो फार सडपातळ आणि फार स्थूल स्त्रिया बाजूला ठेवल्यावर. हे वाचून मी थोडी खट्टू झाले. जिला चाहूल सर्वांत अधिक हवी, तिलाच रांगेबाहेर उभे करण्यासारखे ते मला वाटले. पण संशोधकांनी ते लपविले नाही, एवढे मान्य केले पाहिजे.

रक्ताव्यतिरिक्तही खुणा आहेत. गर्भाशयाच्या तोंडाची लांबी सोनोग्राफीने अठरा ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान मोजतात. ती पंचवीस मिलिमीटरच्या आत असली तर धोका समजतात, आणि त्यावर डॉक्टरांजवळ उपाय आहेत. पोटावरून ही लांबी नीट दिसत नाही, चरबीचा थर जाड असेल तर अधिकच नाही. आतून तपासणी करावी लागते. आपल्या भगिनी येथे लाजतात आणि "नको" म्हणतात. दुसरी खूण फायब्रोनेक्टिनची. मूल ज्या पिशवीत असते ती गर्भाशयाला चिकटवून धरणारा हा एक प्रकारचा डिंक. तो मधल्या महिन्यांत योनीतील स्रावात दिसू नये. कळांसारखे दुखत असूनही तो आढळला नाही, तर येत्या सात दिवसांत बाळंतपण होण्याचा संभव फार थोडा, असे डॉक्टर बऱ्याच विश्वासाने सांगू शकतात. आढळला तर मात्र तेवढ्या विश्वासाने काही सांगता येत नाही.

थोडक्यात, ज्योतिषासारखी तारीख सांगणारी रक्ताची एकच परीक्षा आजही हाती नाही. प्रत्येक आकडा स्त्रीच्या वजनाशेजारी ठेवून वाचावा लागतो. आणि आपल्याकडे तेच वजन, तेही पहिल्या तीन महिन्यांतले, कोणी लिहून ठेवलेले नसते.

याच संदर्भात आपल्या बेळगावात एक मोठे काम झाले आहे. ते घरच्या मंडळींनाच फारसे माहीत नसते. सन १९१६ मध्ये सात शिक्षकांनी मिळून बेळगावात के.एल.ई. संस्था काढली. शिक्षिका म्हणून हा उल्लेख मी जरा मुद्दाम करते. या संस्थेने १९६३ मध्ये जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तेथील डॉ. शिवप्रसाद गौडर, डॉ. भालचंद्र कोडकणी आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षे खेड्यापाड्यांतील गरोदर स्त्रियांसाठी संशोधन करीत आले आहेत. मार्च २०१६ ते जून २०१८ या काळात सहा देशांत मिळून एक प्रयोग झाला. भारतात तो बेळगाव आणि नागपूर या दोन ठिकाणी होता; बाकीचे देश पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो आणि ग्वातेमाला. पहिलटकरीण असलेल्या ११,९७६ स्त्रिया त्यात सामील झाल्या. निम्म्यांना रोज एक्याऐंशी मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची छोटी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे गोळी देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. जानेवारी २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. साध्या गोळीच्या गटात शेकडा १३.१ बाळंतपणे अकाली झाली, ॲस्पिरिनच्या गटात ११.६. फरक लहान दिसतो. परंतु शंभर घरांमागे एक-दीड घर, असे मोजले म्हणजे तो लहान राहत नाही. पोटात किंवा जन्मानंतर पहिल्या आठवड्यात दगावणाऱ्या मुलांचे प्रमाणही कमी झाले. अकाली बाळंतपण टळत नसेल तर मुलाची फुप्फुसे लवकर पक्की व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने देतात. त्याचाही पाच देशांतील प्रयोग २०२० मध्येच प्रसिद्ध झाला, त्यातही बेळगाव होते, आणि ती इंजेक्शने मिळालेल्या मातांची नवजात मुले कमी दगावली.

ॲस्पिरिनचा तो प्रयोग केवळ स्थूल स्त्रियांचा नव्हता, हे सांगितले पाहिजे. पण अमेरिकेतील मार्गदर्शनात तिसाच्या वरचा तो आकडा आणि पहिले बाळंतपण, ही दोन्ही कारणे एकत्र आली तर गोळीचा विचार करावा, असे म्हटले आहे. गोळी स्वतःच्या मनाने मुळीच घ्यावयाची नाही. कोणाला चालते, कोणाला चालत नाही, हे डॉक्टरच ठरवितील.

आता मुद्द्याचे. या प्रयोगात गोळी सुरू केली ती सहाव्या ते तेराव्या आठवड्याच्या दरम्यान. पॅप-ए मोजतात ते अकरा ते तेराव्या आठवड्यात. खरे वजन लिहावयाचे ते गरोदरपणाने वजन वाढण्याआधी, म्हणजे याच काळात. आणि आपल्या घरांतून, मग ते घर कोणत्याही जातीधर्माचे असो, नेमके हेच तीन महिने तोंड बंद ठेवावयाचे असतात. "तिसरा सरू दे, मग सांगू. नजर लागेल." माझ्या अम्मीनेही बहिणीला हेच बजावले होते, आणि मी, शिकलेली मुलगी, मान हलवून बसले होते. गोष्ट उघड झाली चौथ्यात. कार्ड निघाले पाचव्यात. दोष कोणा परिचारिकेला कसा देऊ? तिच्यापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो.

नजर लागू नये म्हणून शेजारणीला सांगू नये, हे मी समजू शकते. पण आशा कार्यकर्तीला सांगण्याने नजर लागत नाही. घरात सांगितल्यावाचून मात्र सून एकटी दवाखान्यात जाऊ शकत नाही. तिला रिक्षाचे पैसे लागतात, कोणाची तरी परवानगी लागते. मागच्या रांगेतल्या मंडळींना मी परत बोलावले ते यासाठी.

दुसरी एक अडचण आपल्या सीमाभागाची. आपल्या लेकी चंदगडला, कोल्हापुरला, निपाणीला दिलेल्या असतात, आणि पहिल्या खेपेला सातव्यात माहेरी येतात. सासरचे कागद सासरीच राहतात. महाराष्ट्रातले कार्ड मराठीत, आपले तायी कार्ड कन्नडमध्ये. येथील परिचारिका नवीन कार्ड काढते आणि मागचे सहा महिने पुसले जातात. भाषेचा वाद आपण पिढ्यान्पिढ्या केला, पुढेही करू. किलो आणि सेंटिमीटर मात्र दोन्हीकडे एकच आहेत. मुलीच्या पिशवीत दागिन्यांच्या डबीबरोबर ते कार्ड घाला, एवढेच मी सांगेन. निपाणीचे नाव निघालेच आहे म्हणून जाता जाता: मशेरी लावण्याची सवय गरोदरपणात तरी सोडावी. मुंबईतील बाराशेहून अधिक गरोदर स्त्रियांच्या २००४ मधील अभ्यासात तंबाखू खाणाऱ्या व मशेरी लावणाऱ्या आयांची मुले सरासरी शंभराहून अधिक ग्रॅमने हलकी भरली, आणि त्यांचे दिवसही कमी भरले.

बहिणीचे पुढे काय झाले, हे विचारल्यावाचून आपण मला खाली बसू देणार नाही. २०२१ मध्ये तिचा फोन आला. "आपा, घरात अजून कुणाला सांगितलं नाही." सहावा आठवडा होता. मी म्हटले, दुल्हेभाईंना आजच सांग. आठव्या आठवड्यात दोघे डॉक्टरांकडे गेली. उंची, वजन, रक्तदाब, साखर, सारे लिहिले गेले. मागचा इतिहास आणि वजन पाहून डॉक्टरांनी बाराव्या आठवड्यापासून गोळी दिली. विसाव्या आठवड्यात आतून सोनोग्राफी झाली. लाजत का होईना, तिने करू दिली. लांबी चौतीस मिलिमीटर निघाली. छत्तिसाव्या आठवड्यात रक्तदाब चढलाच. मुलगी झाली ती सदतीस आठवडे पुरे झाल्यावर, दोन किलो सहाशे ग्रॅमची. गोळीने दिवस भरले, की भरणारच होते, हे मला सांगता येणार नाही. एका बाळंतपणावरून ते कोणालाच सांगता येत नाही. रक्तदाब चढला त्या दिवशी तो कळला, एवढे मात्र मी खात्रीने सांगते. मुलगी फार बडबडी आहे. तिच्या भावाची गोष्ट तिला अजून कोणी सांगितलेली नाही.

आता माझे मागणे. सुवर्णमहोत्सवी निधीतून काय करावे, याची चर्चा विश्वस्त मंडळात चालू असल्याचे ऐकते. कमानीचा प्रस्ताव आहे, असेही कानावर आले. कमान अवश्य व्हावी. पण तिच्याआधी या सभागृहाच्या आतल्या खोलीत एक चांगला वजनकाटा आणि भिंतीला उंची मोजण्याची पट्टी बसवावी. खोलीला दार असावे आणि त्याला आतून कडी असावी. उघड्यावर कोणतीही सून काट्यावर उभी राहणार नाही. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक मुलीची उंची आणि वजन एका वहीत लिहावे, गरोदर असो वा नसो, म्हणजे कोण का आली हे कोणाला विचारावे लागणार नाही आणि कोणाचे गुपितही फुटणार नाही. वही ठेवण्याचे काम मी पत्करते. शाळा सुटल्यावर दर शनिवारी दुपारी मी येथे बसेन. वजनकाट्याची किंमत बेळगावातील दोन दुकानांत विचारून आले आहे. ती खजिनदारसाहेबांना चहाच्या वेळी सांगते.